अठरा वळ्या पाणी

आम्ही येणार म्हटलं की लोक घर आवरून ठेवतात. अकरा वर्षं झाली, मला हे थांबवता आलेलं नाही. खरं तर आम्ही त्यांचं घर बघायला जातच नाही. त्यांच्या घरी येऊन त्यांना आंघोळ घालणारी, गोळ्या काढून देणारी, जेवण गरम करून देणारी जी सेवा असते, ती नीट आहे का, तिच्यात काही धोका नाही ना, एवढंच बघायला जातो. पण म्हातारी माणसं ऐकतील तर शपथ. जळमटं काढतात, केक भाजतात आणि स्वतःचीच परीक्षा असल्यासारखी ताठ बसून राहतात.

माझं नाव रेलीन किट्टो. आधी पंचवीस वर्षं नर्स होते, आता सरकारी तपासनीस आहे. नवरा म्हणतो, तुला खुसपटं काढायचा पगार मिळतो, एरवी तू हे फुकटच करायचीस. त्याचं फारसं चुकत नाही. माझा जन्म इथलाच, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर द्वीपकल्पातला, गव्हाच्या शेतावरचा. त्यामुळे या भागातली तपासणी निघाली की ॲडलेडचं ऑफिस डोळे मिटून माझं नाव घालतं. इथल्या माणसांना मी ओळखते, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं होतं.

त्या ऑक्टोबरात मिनारूच्या घरसेवेची तपासणी होती. मिनारू म्हणजे धान्याची उंच कोठारं, एक पब, एक पेट्रोलपंप आणि नेटबॉलचं मैदान. सेवेकडे एकतीस म्हातारी माणसं आणि चार बायका कामाला. बरोबर माझी सहकारी थुई होती. वय चौतीस, आईवडील व्हिएतनामहून आलेले, स्वतः ॲडलेडमध्ये वाढलेली. नळ फिरवला की पाणी येतं, अशा जगातली मुलगी. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते, असं माझं तोवरचं मत.

बुधवारी सकाळी दहाला आम्ही एल्व्हा लिनर्टबाईंकडे पोचलो. गावापासून बावीस किलोमीटर, मोबाइलला रेंज नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, मधुमेह. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठला डेझली नोस्की येणार, त्यांना आंघोळ घालणार, अंगावर कुठे जखम वगैरे नाही ना ते बघणार, पाय तर दर खेपेला न चुकता बघणार, असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला टाचणीएवढं भोक पडलं तरी त्याला कळत नाही, म्हणून.

लिनर्टबाई दारातच उभ्या होत्या. इस्त्रीचा झगा, चापूनचोपून विंचरलेले पांढरे केस, पायात लोकरीचे जाड मोजे आणि सपाता. अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास. आमच्या भागात म्हातारं माणूस म्हटलं की हा वास येणारच. माझ्या आईच्या उशीलासुद्धा यायचा.

"या गं पोरींनो. माश्या आत येतील, दार लावा आधी. आणि ही बारकी कोण?"

"मी थुई."

"बस थुई. जर्मन केक केलाय. वरचा चुरा जरा जळलाय, पण खाऊन मेलेलं कोणी नाही अजून."

मग टॅब्लेट काढून प्रश्न. डेझली वेळेवर येते का? येते. नीट वागते का? मुलीसारखी वागते. तुमचं ऐकून घेते? माझंच ऐकते, नवऱ्याचं ऐकत नाही. आंघोळ घालते? घालते. पाय बघते? बघते. काही तक्रार?

"कसली तक्रार? सगळं झकास आहे. लिही तुझ्या त्या पाटीवर, झकास म्हणून."

रेंज नसल्यामुळे सेवेच्या नोंदी घरातल्याच एका वहीत असतात. मी ती चाळली. मे महिन्यापासून प्रत्येक सोमवार, बुधवार, शुक्रवार. आंघोळ: झाली. त्वचा: ठीक. पाय: ठीक. खाली डेझलीची सही. त्या दिवसाचीही नोंद होती, सव्वाआठची. अक्षर वळणदार, एकही दिवस गाळलेला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपल्या माणसांनी काम चोख केलेलं बघून कुणाला बरं वाटणार नाही?

थुई न्हाणीघर बघून आली. आत एक जुना लोखंडी टब, त्याच्यावर शॉवर.

"रेलीन, आत सगळं कोरडं आहे. आठ वाजता आंघोळ झाली ना? पायपुसणंसुद्धा कोरडं."

लिनर्टबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं. "अगं, इथे टाकीचं पाणी. दोन मिनिटांत उरकतात सगळं. आणि ही हवा बघ, ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक वाळतो. शहरातल्या आंघोळीचे हिशेब इथे लावू नकोस."

लिनर्टबाईंनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "तू इकडचीच दिसतेस."

"पंचवीस मैलांवरची."

"मग चल, तुला माझी टाकी दाखवते."

बाहेर पन्हळी पत्र्याची मोठी टाकी. पावसाचं पाणी छपरावरून तिच्यात येतं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळं त्यावर. संडासाला बोअरचं खारं पाणी, कपडे डेझली गावात नेऊन धुऊन आणते. आमच्याकडे टाकीवर बोटाच्या पेरांनी ठोकत खाली यायचं असतं. पत्रा पोकळ वाजतो तिथवर टाकी रिकामी, बद्द वाजला की पाणी. मी ठोकत आले. खालून मोजली तर अठराव्या वळीला, म्हणजे पत्र्याच्या आडव्या लाटेला, आवाज बद्द झाला. पत्र्यावर खडूच्या रेघा होत्या, दर महिन्याच्या पहिल्या रविवारची एक.

"जुलैपासून दोनच वळ्या उतरल्या," त्या म्हणाल्या. "शेजारचे श्मिट ऑगस्टपासून टँकर मागवतायत. सहा शॉवर आहेत त्यांच्या घरात. सहा!"

"मानलं तुम्हाला," मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले. त्या वर्षी पाऊस असा नव्हताच. जूननंतर नुसता शिंतडला होता. त्यात म्हातारीनं टाकी अशी राखलेली. माझी आई असती तर तिनं त्यांना हार घातला असता.

गाडीत बसायच्या आधी मी टॅब्लेटवर त्यांचा फॉर्म भरला. सेवा ठरल्याप्रमाणे मिळते: होय. सुरक्षित: होय. वेळ दहा चाळीस.

गाडी बारा-तेरा किलोमीटर गेली असेल. दोन्ही बाजूंना पिकत आलेला गहू. थुई खिडकीतून बाहेर बघत होती.

"रेलीन, एक विचारू? चिडू नकोस."

"मी कधी चिडते?"

यावर ती हसली नाही. "म्हाताऱ्या बाईला आंघोळ घालायला पाणी किती लागतं? कमीत कमी?"

"काटकसर करून चाळीस लिटर. दुसऱ्याला आंघोळ घालायची म्हणजे दोन मिनिटांत होत नाही."

"आणि त्या टाकीच्या एका वळीत किती मावतं?"

"सातशेच्या वर."

पुढे तिला काही विचारावं लागलं नाही. जुलैपासून साडेतीन महिने. स्वयंपाक, चहा, भांडी एवढ्यातच दोन वळ्या उतरतात. माझ्या आईच्या टाकीच्याही तेवढ्याच उतरायच्या. मग आठवड्याच्या तीन आंघोळींचं पाणी आलं कुठून? आणखी अडीच वळ्या जायला हव्या होत्या. अठरावर नाही, पंधरावर बद्द वाजायला हवं होतं. ज्या बाईला साडेतीन महिने कुणी आंघोळ घातली नव्हती, तिला मी शाबासकी देऊन आले होते. टाकी भरलेली दिसली की आम्हा लोकांना माणूस शहाणा वाटतो, त्यापलीकडे आमची नजर जात नाही.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी गाडी वळवली.

लिनर्टबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"केक विसरलात का?"

"एल्व्हाबाई, मोजे काढा."

"का म्हणून?"

"मला तुमचे पाय बघायचेत."

"डेझलीनं बघितलेत. वहीत लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

"वही वाचली. टाकीही वाचली. तुम्हाला आंघोळ होत नाहीये."

त्यांनी ओठ आवळले. मग माझ्यावर अशा उखडल्या की बस. "माझ्या घरात येऊन मला घाणेरडी म्हणतेस? रोज सकाळी बेसिनपाशी उभी राहून कपड्यानं अंग पुसते मी. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. चहा प्यायलीस, केक खाल्लास, आता चालू लाग."

मी तोंड उघडणार, एवढ्यात थुई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाई, तुम्हाला आंघोळ नको वाटते, का त्या टबात चढायला नको वाटतं?"

लिनर्टबाईंनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"कॉलिन तिथेच पडला," त्या म्हणाल्या. कॉलिन म्हणजे त्यांचा नवरा. "एक पाय आत, एक बाहेर. मांडीचं हाड मोडलं. तिकडे समुद्राकाठच्या गावात वृद्धांचं घर आहे ना, तिथे ठेवला. दोनच आठवडे, म्हणाले. मी त्याचा रेझरसुद्धा इथेच ठेवला होता. चौदा महिन्यांनी तिथेच गेला तो. मी त्या टबात पाय टाकणार नाही. आणि तिकडेही जाणार नाही."

"हे डेझलीला सांगितलंत?"

"तिनं विचारलं नाही. मी नको म्हटलं, ती बरं म्हणाली."

पाच महिने. टबावर आडवी टाकायची एक फळी आणि हातात धरायचा एक शॉवर, एवढ्याचा प्रश्न होता. आणि तो विचारायला ॲडलेडहून माणसाला यावं लागलं.

"आता पाय," मी म्हणाले.

"दाखवला तर तू मला घेऊन जाशील."

"दाखवला नाहीत तर पाय जाईल. आणि पाय गेला की हे घर नक्की जाईल."

"परत आणशील असा शब्द दे."

"देणार नाही. माझ्या हातात नाही ते."

मला वाटलं आता हाकलून देतील. पण त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि उजवा पाय पुढे केला. मोजा टाचेला चिकटला होता. थुईनं पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि हळूहळू त्यावर सोडायला लागली.

"एवढं नको ओतू गं," लिनर्टबाई म्हणाल्या. "अर्ध्यात भिजेल."

मोजा निघाला. निलगिरीच्या खालून दुसरा वास आला, तो नर्सला सांगावा लागत नाही. टाचेवर नाण्याएवढा काळा डाग, भोवती सूज, पिंढरीकडे चढत गेलेली लाल रेघ. अंग तापलेलं. मी भिंतीवरच्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला कळवलं.

आमच्याकडे ॲम्ब्युलन्स गावातलीच माणसं चालवतात, आपली कामं सांभाळून. वीस मिनिटांत गाडी आली. हिरव्या गणवेशातला पोस्टमास्तर क्लेम उतरला आणि ड्रायव्हरच्या बाजूनं एक उंच, उन्हानं रापलेली बाई. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. डेझली नोस्की.

ती घाईघाईनं आत आली. "एल्व्हा, काय झालं? सकाळी तर बरी होतीस!" मग तिला पाय दिसला. ती जागच्या जागी थांबली.

"हे कधीपासून आहे?"

"मलाच माहीत नाही, तर तुला काय सांगू," लिनर्टबाई म्हणाल्या.

डेझली माझ्याकडे वळली. तिला सगळं समजलं होतं. सारवासारव तिनं केली नाही, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन.

"ती नको म्हणायची. 'नकार' लिहिलं की ऑफिस मोजतं. तीन नकार झाले की ही घरी एकटी राहू शकते का याची फेरतपासणी, आणि मग त्या वृद्धांच्या घराचं माहितीपत्रक घेऊन माणूस येतो. तिनं माझा हात धरून सांगितलं, डेझ, लिहू नकोस. मग मी 'झाली' लिहायला लागले. केस विंचरून द्यायचे, चहा करायचे, शब्दकोडं सोडवायचो दोघी. मला वाटलं, एक आंघोळ नाही झाली तर काय बिघडतं?"

"आंघोळीचं सोड. 'पाय: ठीक' कशावरून लिहिलंस?"

तोंडावर हात दाबून ती रडायला लागली. मला राग आला होता, भयंकर राग, पण तिच्या एकटीचा नव्हता. दीड तासापूर्वी त्याच घरातून निघताना मीही 'होय' लिहिलं होतं. मीही कुठे पाय बघितले होते?

"रडून झालं असेल तर मला उचला," लिनर्टबाई म्हणाल्या. "क्लेमला पोस्ट उघडायचंय."

गाडीत चढवताना त्यांनी डेझलीची बाही धरली. "दोन आठवडे ना, डेझ?"

डेझलीनं क्लेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पाच महिने ती त्यांना हवं तेच म्हणत आली होती.

"माहीत नाही, एल्व्हा."

लिनर्टबाईंनी बाही सोडली. दार लागलं.

दुपारी सेवेच्या ऑफिसात कोरीन बसली होती. ती तिथली व्यवस्थापक. बिचारी चांगली बाई, चार माणसांत एकतीस घरं चालवणारी. तिनं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"रेलीन, तू इकडची आहेस. तुला कळतं. खोट्या नोंदी असं लिहिलंस तर मला डेझलीला कामावरून काढावं लागेल, निदान चौकशी होईपर्यंत. त्या बाजूला माझ्याकडे दुसरं कोणी नाही. मग एल्व्हा बरी झाली तरी तिला घरी सोडणार नाहीत, कारण घरी बघायला माणूस नाही. 'नोंदींमध्ये त्रुटी' असं लिही ना. तेही खरंच आहे."

ती खोटं बोलत नव्हती. मी टॅब्लेट उघडून बसले. 'त्रुटी' लिहिलं असतं तर डेझली राहिली असती, म्हातारी लवकर घरी आली असती, सगळ्यांचं भलं. डेझलीनंही असंच सगळ्यांचं भलं केलं होतं, आठवड्यातून तीनदा.

थुई म्हणाली, "दहा चाळीसचा फॉर्म अजून पाठवलेला नाही. खोडता येईल."

"राहू दे."

मी सगळं लिहिलं. डेझलीनं न बघता लिहिलं. ऑफिसनं नकार मोजले, पण नकाराचं कारण एकदाही विचारलं नाही. आणि तपासनीस रेलीन किट्टो हिनं पहिल्या भेटीत कोरडं न्हाणीघर आणि भरलेली टाकी बघूनही सेवा सुरक्षित असल्याचं नोंदवलं. सहकारी थुईनं शंका काढली तेव्हा म्हातारीच्या वतीनं उत्तर दिलं. दोन्ही फॉर्म जोडले. वरिष्ठांनी नंतर मला बोलावून घेतलं, त्यात नवल नाही.

पुढचं कोरीन म्हणाली तसंच झालं. डेझलीला घरी बसवलं, चौकशी झाली, पुन्हा प्रशिक्षण झालं. ॲम्ब्युलन्स मात्र ती चालवत होती. लिनर्टबाईंचा पाय वाचला, टाचेच्या हाडाचा तुकडा गेला. नऊ आठवडे दवाखान्यात. ख्रिसमसला त्या बऱ्या होत्या आणि घरी बघायला माणूस नव्हतं म्हणून आणखी पाच आठवडे त्यांना समुद्राकाठच्या त्या वृद्धांच्या घरात ठेवलं. कॉलिन होता तिथेच. त्या पाच आठवड्यांत मला नीट झोप लागली नाही. मी एकदा भेटायला गेले, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी घरचा फोन वाजला.

"किट्टो का? एल्व्हा लिनर्ट. घरातून बोलतेय. माझ्या घरातून."

"कधी आलात?"

"मंगळवारी. तो टब उपटून टाकलाय माणसांनी. तिथे आता सपाट फरशी, खुर्ची, दांडे. खाटिकखाना दिसतो."

"आणि पाय?"

"लंगडतो. पण आहे." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "ख्रिसमस तिथे काढला मी. त्याच्याच मजल्यावर. तुझ्यामुळे."

"हो," मी म्हणाले. "माझ्यामुळे."

"ते मी विसरणार नाही."

"नका विसरू."

पलीकडे दार वाजलं. कुणीतरी हाक मारली. ओळखीचा आवाज होता.

"ठेव फोन," लिनर्टबाई म्हणाल्या. "डेझली आलीय. माझी आंघोळ व्हायचीय."